रिवाइंड

परवा शनिवारी दुपारी एक जुनं भांडण उकरून काढलं. 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून'. २००१ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सबरोबरच बाजारात आलेला गेम. ड्रॅक्युलाचा अवाढव्य किल्ला, आत कैद झालेला गुरू आणि त्याला सोडवायला चाबूक घेऊन निघालेला नेथन ग्रेव्हज. औषधं विकत घ्यायला दुकान नाही. मेलात की थेट मागच्या सेव्ह रूममध्ये, मधली अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात!

आमच्या घरी तो अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या मामेभावाच्या खिशातून आला. त्या गेम बॉयच्या स्क्रीनला स्वतःचा उजेडच नव्हता, आणि हा गेम तर मुळातच काळाकुट्ट. घरात त्यातल्या त्यात लख्ख उजेड स्वयंपाकघरात, म्हणून आई पोळ्या लाटायची आणि आम्ही दोघं ट्यूबलाइटखाली माना वाकड्या करून बसायचो. "डोळे जातील मेल्यांनो!" हे पार्श्वसंगीत.

राक्षस मारताना नशिबाने कार्डं मिळतात. एकूण वीस, जोड्या शंभर. मर्क्युरीला सॅलमँडर जोडलं की चाबकाला आग, सर्पंट जोडलं की बर्फ. आमच्याकडे मोजून चार-पाच कार्डं होती. तेवढ्यावर दोन झोंबी ड्रॅगनपर्यंत पोचलो आणि तिथेच अडकलो. निघायच्या आदल्या रात्री त्याची पाळी असताना मी गेम बॉय हिसकावला. "शेवटचं एकदा रे!" मेलो अर्थातच. विमानतळावर तो माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर आम्ही बोलतो, नाही असं नाही. वाढदिवस, फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड्स. असो.

हा गेम २०२१ च्या 'अ‍ॅडव्हान्स कलेक्शन'मध्ये पुन्हा निघाला. त्यात रिवाइंडची सोय आहे. चुकलात की बटण दाबा, वेळ मागे. मोठ्या टीव्हीवर किल्ल्याच्या भिंती पहिल्यांदाच धड दिसल्या. ड्रॅगन दहा मिनिटांत खलास. च्यायला, काहीच वाटलं नाही! छातीत धडधडायचं ते सेव्ह रूम लांब राहिली म्हणून, हे तेव्हा कुठे कळत होतं.

तरी फोटो काढून मामेभावाला पाठवला. तिकडे सकाळ होती. दोन मिनिटांत उत्तर:

"रिवाइंड वापरलंस ना?"

मग, "पाळी माझी होती."

जुना सेव्ह उघडलाय. रिवाइंडला हात लावायचा नाही. आज रविवार, आत्तापर्यंत अकरा वेळा मेलोय आणि प्रत्येक वेळी त्याला कळवतोय. आता तिकडे रात्रीचे दोन वाजलेत, पण पठ्ठ्या जागा आहे.