हंसराज कोणता?

पावसाळा लागला की आमच्या घरी जोशांद्याचं पातेलं गॅसवर चढतं. मुलेठी, उन्नाब, गावजबान आणि हंसराज. अम्मी त्याला परसियावशां म्हणतात. पुडी जडीबुटीवाल्या अत्तारांच्या दुकानातून यायची. आठेक वर्षांपूर्वी मला हुशारी सुचली. वरंध घाटात रस्त्याकडेच्या ओल्या कातळावर हंसराज लोंबत असतो, मग विकत कशाला आणायचा? दर जुलैत मूठभर खुडून आणायचे, सावलीत वाळवायचे. अम्मी काही न बोलता प्यायच्या.

मागच्या पावसाळ्यात आठवीच्या मुलांना घेऊन त्याच घाटात थांबलो होतो. मी भाषेची शिक्षिका. पण काळा चकचकीत देठ दाखवला, "हा हंसराज" म्हटलं आणि मोकळी झाले. एका मुलीजवळ भिंग होतं. ती म्हणाली, "मॅडम, यावर केस आहेत. त्यावर नाहीत." तिच्या हातात दोन पानं होती. मला ती एकाच झाडाची वाटत होती.

ती दोन वेगळ्या जातींची निघाली. घरी येऊन चार पुस्तकं चाळली तेव्हा कळलं.

काळा देठ ही खूण फसवी. कातळावरच्या कितीतरी नेच्यांना तो असतो. पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असलेला, हातावर दाबला की रुपेरी छाप उठवणारा नेचासुद्धा काळ्या देठाचाच. आपलं कुळ ओळखायचं ते पान उलटून. हंसराजाच्या कुळात पानाची कड आत दुमडलेली असते आणि बीजाणू त्या दुमडीलाच, तिच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. रुपेरी नेच्यात दुमड नुसती झाकण असते, बीजाणू पानावर.

पण कुळ कळलं म्हणजे जात कळली असं नाही, आणि माझी गफलत इथंच होती. आपल्याकडे सहज दिसतो तो अर्धचंद्राकृती पर्णिकांचा, ल्युन्युलॅटम. एकाच दांडीला दोन्ही बाजूंनी पर्णिका, प्रत्येकीला स्वतःचा बारीक देठ, अंगावर केस नाहीत. मराठीत याला घोडखुरीही म्हणतात. दुसरा इनसिसम. त्याचीही दांडी एकच, पण तिच्यावर आणि पानांवर लव, पर्णिका दांडीला जवळजवळ चिकटलेल्या, वरची कड कातरलेली. दोघांचीही टोकं खडकाला टेकली की तिथं मुळं धरून नवं रोप उठतं. ही खूण मी वर्षानुवर्षं मोठ्या रुबाबात मुलांना सांगत आले होते!

आणि युनानी ग्रंथांतला परसियावशां या दोघांपैकी कुणीच नाही. तो कॅपिलस-व्हेनेरिस, लिनियसनं 1753 साली दिलेल्या या नावाचा अर्थ व्हीनसचे केस. गंमत म्हणजे त्याच्या पानांवर केस नसतात. त्याची दांडी पुन्हा पुन्हा फाटे फोडते आणि पर्णिका छोट्या पंख्यांसारख्या, खाली निमुळत्या. झिरपत्या खडकावर तो वाढतो. मी खुडायचे तिथं तो एकदाही दिसला नाही.

अम्मींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग आठ साल मी काय प्याले?"

बहुधा घोडखुरी, कदाचित केसाळ भाऊबंद, कदाचित दोन्ही. काही झालं नाही हे नशीब. तेवढ्यावर आम्ही तो विषय मिटवला. पण आता पुडी दुकानातूनच येते आणि मी ती आधी वर्तमानपत्रावर पसरते. वाळलेल्या चुऱ्यात पंखा की अर्धचंद्र हे शोधायला बराच वेळ जातो. मागच्या पुडीत दोन्ही सापडले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळ्याला हंसराजच म्हणतात."

वर्गात चूक कबूल केली. मुलीनं ती दोन पानं वहीत चिकटवून आणली होती. एकाखाली उर्दूत आणि मराठीत 'घोडखुरी'. दुसऱ्याचं नाव तिला कुठं मिळालं नव्हतं, म्हणून तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'केसवाला'.