कुठल्या पाण्यावरचा?

बारा-तेरा वर्षं मी हडपसरमधल्या ओळखीच्या घरांत ठासून सांगत आले की पुदिना बाजारातला घेऊ नका, कालव्याकाठी आपोआप उगवलेला खा. त्याला खत नाही, फवारणी नाही. साडेसतरा नळीच्या बाजूला, बेबी कालव्याच्या झिरपणाऱ्या पाण्यावर त्याचा दाट पट्टा माजायचा. रविवारी सकाळी पिशवी भरून आणायची आणि चार घरी वाटायची, हा माझा नेम होता. ते सगळं सांगणं मी आज मागे घेते.

मांजरीकडून भाजी आणणाऱ्या मावशींना एकदा मी प्रेमाने एक जुडी देऊ केली. त्यांनी वास घेतला, मान डोलावली आणि विचारलं, "ताई, कुठल्या पाण्यावरचा?" कालव्याच्या, म्हटल्यावर जुडी हळूच माझ्या पिशवीत परत ठेवली. "मग राहू द्या."

मला राग आला. घरी पोचेपर्यंत तो ओसरला, कारण उत्तर मला आधीपासून माहीत होतं. शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलतात आणि याच जुन्या कालव्यात सोडतात. ते पाणी खालच्या शेतीसाठी असतं, कच्च्या चटणीसाठी नव्हे. हे मी पेपरात वाचलेलं होतं, पण त्याची सांगड माझ्या पाट्याशी कधी घातली नाही. वासाने मला फसवलं. पान चुरगळलं की इतकं स्वच्छ वाटतं, की मुळाखालचं पाणीही स्वच्छच असणार असं मन धरून चालतं. तो वास पानावरच्या तेलाच्या बारीक ग्रंथींचा. पाण्याशी त्याचा संबंध नाही.

मग वाचत गेले. युरोपात ओढ्याकाठी, दलदलीत खरोखरचा रानटी पाणपुदिना होतो, 'मेंथा अक्वाटिका'. चौकोनी देठ, शेंड्याला फिकट जांभळ्या फुलांचा गोंडा. आपला चटणीचा पुदिना आणि हा, या दोघांच्या संकरातून पेपरमिंट आलं. त्याला सहसा बी धरत नाही. जगभर ते पसरलं ते माणसाने लावलेल्या तुकड्यांतून. आणि पाण्याकाठचा असा पाला कच्चा खाल्ला, तर गुरांच्या यकृतात होणारे चपटे कृमी माणसालाही होऊ शकतात. गोगलगायीतून बाहेर पडलेली त्यांची पिल्लं पानाला घट्ट चिकटून बसतात, नुसत्या धुण्याने हमखास निघत नाहीत. आपल्याकडे माणसात हा आजार क्वचितच आढळतो. तरी मी ती पानं लहान मुलांच्या ताटात वाढली होती.

'रानटी' हा शब्दही माझ्या हातून सुटला. पुदिन्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. कुणी निवडून टाकलेले देठ ओल्या मातीत पडले, तरी पट्टा तयार होतो. मी ज्याला निसर्गाची देणगी म्हणत होते, ती बहुधा कुणाच्या तरी पिशवीतली उरलेली जुडी होती.

आता मावशींकडच्याच जुडीतले चार देठ पेल्यात ठेवले आहेत. त्यांचा पुदिना विहिरीच्या पाण्यावरचा. मी विचारून घेतलं. पांढरी मुळं दिसू लागली आहेत, या आठवड्यात कुंडीत लावीन.

चारपैकी तीन घरी जाऊन मी हे सांगून आले. चौथं कुटुंब दोन वर्षांपूर्वी हडपसर सोडून गेलं. त्यांच्या सुनेला माझा पुदिना फार आवडायचा. त्यांचा फोन नंबर शोधते आहे.