सर्व्हर पडला की पाडला?

जपानीची परीक्षा देतेय म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "ऑनसाइट मिळणार का?" आणि दुसरा, "ती चित्रांची भाषा ना?" आमच्या आईचा तिसराही आहे, पण तो परीक्षेबद्दल नसतो, त्यामुळे सोडून देऊ :-)

तर मंडळी, येत्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी जेएलपीटीची एन-३ देतेय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही परीक्षा १९८४ पासून आहे. आधी चार पातळ्या होत्या आणि तिसरीतून दुसरीत जाताना लोक धडाधड आपटायचे. म्हणून २०१० मध्ये मध्ये एक पायरी घातली, तीच एन-३. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत. एकूण १८० मार्क, शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण असे साठ-साठचे तीन भाग. पास व्हायला ९५ लागतात, पण प्रत्येक भागात किमान १९ हवेतच. म्हणजे श्रवणात साठपैकी साठ आणि वाचनात अठरा असतील तर बेरीज कितीही झाली तरी नापास. बोलायची परीक्षा नाही, लिहायचीही नाही. पेन्सिलीने गोल काळे करायचे, बस्स. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेनंतर आपण पुन्हा गोल काळे करू असं वाटलं नव्हतं.

एन-५ आणि एन-४ला 'मिन्ना नो निहोंगो'ची दोन पुस्तकं, पंचवीस अधिक पंचवीस धडे, नीट केली की काम भागतं. एन-३ला तसं एक पुस्तक नाही. साडेसहाशेच्या आसपास कांजी आणि साडेतीन-पावणेचार हजार शब्द असा सगळ्यांचा अंदाज, कारण परीक्षा घेणारे २०१० पासून यादीच जाहीर करत नाहीत. स्कोप डॉक्युमेंट नसलेलं प्रोजेक्ट कसं असतं हे महाप्यात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

पण आज मला सांगायचंय ते वेगळंच. जपानी शिकताना इंग्रजीतून शिकू नका. म्हणजे पुस्तकं इंग्रजीतच मिळतात, इलाज नाही, पण डोक्यात मराठीच चालू ठेवा. फायदा होतो, फार होतो.

उदाहरण घ्या. 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन बघणे'. ताबेते = खाऊन, मिरु = बघणे. बघायचं काहीच नसतं, चव घ्यायची असते, पण त्यांच्याकडेही 'बघतात' आणि आपल्याकडेही. इंग्रजी पुस्तक यावर अर्धं पान खर्च करतं. 'काइते ओकु' म्हणजे 'लिहून ठेवणे', ओकु म्हणजे ठेवणेच. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे 'विसरून गेले', तोच चुकचुकणारा सूर. 'नाओशिते मोरात्ता' तर कमालच आहे, 'दुरुस्त करून घेतलं'. स्वतः केलं नाही, दुसऱ्याकडून करवलं, तोही जरा उपकार केल्यासारखा करून गेला, हे सगळं त्या 'घेतलं'मध्ये येतं. इंग्रजीत याला दोन वाक्यं लागतात आणि तरीही उपकार राहूनच जातो. 'किनो कात्ता होन', 'काल घेतलेलं पुस्तक'. शब्दाला शब्द लावा, क्रमसुद्धा बदलायला नको.

आणि ते आवाजी शब्द! 'पेरापेरा' बोलणे म्हणजे घडाघडा बोलणे, 'दोकीदोकी' म्हणजे छातीत धडधड, 'किराकिरा' म्हणजे चमचम. ज्या भाषेत पाऊस रिमझिम पडतो, पापड कुरकुरीत असतो आणि माणूस धुसफुस करतो, त्या भाषेच्या माणसाला हे काय शिकवायचं!

आता मूळ मुद्द्याकडे येते. मराठीत क्रियापदांच्या जोड्या असतात. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे. आपोआप झालं तर पहिलं, कुणी केलं तर दुसरं. जपानीत अगदी हेच आहे. 'ओचिरु' म्हणजे पडणे, 'ओतोसु' म्हणजे पाडणे. एन-४च्या व्याकरणात येतात आणि इंग्रजी माध्यमातून शिकणारे यांच्या नावाने बोटं मोडतात. गंमत म्हणजे जपानी आयटीवालेही सर्व्हर 'पडला' असंच म्हणतात. साबा गा ओचिता. आपल्या मजल्यावर ओरडतात तसंच.

मध्यंतरी आमच्याकडे एक रात्र वाईट गेली. तपशील सांगता येणार नाही, पण क्लायंट जपानी, सिस्टिम त्यांची, देखभाल आमची, आणि पहाटे ती दोन तास बंद. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. त्यामुळे त्यांची दहाची मीटिंग म्हणजे आपले साडेसहा. कंपनीच्या कॅबने महाप्याला पोचले तेव्हा टपरीवाल्याने स्टोव्हसुद्धा पेटवला नव्हता. लाइनवर पलीकडे सहाजण, अलीकडे आम्ही चौघं आणि मध्ये दुभाषी. दुभाषी चांगला माणूस आहे, पण दोन्हीकडचं इंग्रजी आणि जपानी एकट्याने ओढायचं म्हणजे पहाटे साडेसहाला कुणाचीही दमछाक होणार.

पलीकडचे वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "ओचिता नो देसु का, ओतोशिता नो देसु का?" पडला, की पाडलात?

दुभाष्याने इंग्रजीत विचारलं ते साधारण असं, सर्व्हर डाऊन होता, बरोबर? आमचे लीड "येस" म्हणायला तोंड उघडणार, आणि मी म्यूट काढून बोलून गेले. "ओचिमाशिता. ओतोशिते वा इमासेन." पडला. आम्ही पाडलेला नाही.

दोन-तीन सेकंद कुणी काही बोललं नाही. लीडना वाटलं मी काहीतरी भलतंच बोलले. पण फरक बघा. 'येस'चा अर्थ काय लागला असता? पडला असेल तर हार्डवेअर, नेटवर्क, जे काही कारण ते शोधू. पाडला असेल तर न विचारता प्रॉडक्शनला हात लावला, मग कुणी लावला, परवानगी कुणाची, आणि पुढचं सगळं. चार जणांचं पुढचं वर्ष एका क्रियापदावर लटकलेलं होतं, आणि ते क्रियापद इंग्रजीत नव्हतंच.

यानंतर ते वरिष्ठ माझ्याशी थेट बोलायला लागले. दोन मिनिटं, सलग, पेरापेरा. मला त्यातलं पाव कळलं असेल. 'लॉग', 'आज दुपारपर्यंत' आणि शेवटची विनंती. मग "सुमिमासेन, मो इचिदो," म्हटलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू, आणि दुभाष्यानेही मदत केली. निभावलं. पण एन-४ची हद्द कुठे संपते ते त्या दोन मिनिटांत स्वच्छ दिसलं. वाक्य उत्तर देण्यापुरतं येत होतं, समोरचा माणूस मोकळेपणाने बोलायला लागल्यावर ऐकण्यापुरतं नाही. त्याच आठवड्यात एन-३ची पुस्तकं मागवली.

मित्र म्हणतात, आता यंत्र भाषांतर करतं, कशाला जीव काढतेस? खरं आहे. ईमेल मीही यंत्राला टाकते, डिझाइन डॉक्युमेंटही. लेखी कामात ते माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे हे मान्य करायला मला काहीच वाटत नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांत मी कुठला मजकूर कुठे टाकणार होते? आणि टाकला असता तरी 'येस' त्याच्या आधी पोचलं असतं.

असो. आता ज्याने रडवलंय त्याबद्दल. कांजी. एक चिन्ह, दोन-तीन उच्चार, कधी सहा-सात. देवनागरीने आपल्याला लाडावून ठेवलंय, जसं लिहिलं तसं वाचायचं. पण इथेही मराठी थोडी मदतीला येते. पाण्याचं चिन्ह एकटं आलं की 'मिझु', जोडशब्दात आलं की 'सुइ'. आपण काय करतो? एकटं असलं की पाणी, जोडशब्दात जल. जलवाहतूक म्हणतो, पाणीवाहतूक म्हणत नाही. देशी शब्द आणि संस्कृतातून आलेला तत्सम शब्द अशी जोडी आपल्याकडे आहे, तशी त्यांच्याकडे देशी आणि चिनीतून आलेला अशी. देशी उच्चार 'कुन', चिनी वळणाचा 'ओन'. डोंगर 'यामा', पण फुजीपर्वत 'फुजिसान'. हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतर कमी होत नाही, पण चिडचिड कमी होते.

(आणि त्यांची बाराखडी? आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी तिकडे सिद्धम लिपीचा आणि संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्यातून तो आला. 'च'च्या जागी 'स' आहे, बाकी रांग बरीचशी आपलीच.)

श्रवणात मात्र मराठी घात करते. जपानीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ हे शुद्धलेखनात मार्क कापण्यापुरतं, बोलताना कोण पाळतो? त्यामुळे कान तयारच नाहीत. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, चाळीस मिनिटं, 'मो इचिदो' म्हणायची सोय नाही. मी कोपरखैरणेपर्यंतच्या लोकलमध्ये हेडफोन लावून सराव करते. मध्येच "अगला स्टेशन" येतं आणि तेवढंच नेमकं कळतं.

देण्याघेण्याची क्रियापदंही छळतात. मी तुम्हाला दिलं तर 'आगेरु', तुम्ही मला दिलं तर 'कुरेरु'. मराठीत दोन्ही 'देणे'च. उपकार आतून बाहेर गेला की बाहेरून आत आला हे क्रियापदातच सांगायचं. उलट त्यांच्या त्या 'पावसाकडून पडलं जाणे' प्रकाराला सगळे घाबरतात, पण 'आमे नि फुरारेता' म्हणजे सरळ 'पावसानं गाठलं' असं धरलं की झालं. महाप्याहून घणसोली स्टेशनला जुलैत शेअर रिक्षा शोधलेल्या माणसाला हे व्याकरण समजावून सांगावं लागत नाही.

पाठांतराला 'आन्की' वापरते. डेमियन एल्म्स नावाच्या प्रोग्रॅमरने २००६ मध्ये काढलं, तेही स्वतःला जपानी शिकायचं म्हणून. नावाचा अर्थच पाठांतर. आपण विसरायच्या बेतात असलो की तो शब्द समोर आणतं. रोज वीस नवे शब्द, आणि मागच्यांची उजळणी दीडशेच्या घरात. एक दिवस सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी तीनशे.

ऑनसाइटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. एन-३वर तसं काही मिळत नाही. जपानच्या उच्चकुशल व्हिसाच्या गुणांकनात एन-२ला १० गुण, एन-१ला १५, एन-३ला शून्य. वाट मात्र आहे, आणि मळलेली आहे. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक आयटीतून टोकियोत स्थिरावले, तिथले नागरिक झाले आणि २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. मला निवडणूक लढवायची नाही, मला फक्त ती उरलेली पाऊण वाक्यं कळायला हवीत :-)

डिसेंबर २०२५ पासून निकालावर युरोपीय मोजपट्टीची पातळीही छापतात. एन-३ला ९५ ते १०३ असतील तर ए-२, १०४ पासून बी-१. म्हणजे पास होऊनही 'मध्यम' म्हणवून घ्यायचं तर नऊ मार्क जास्तीचे. मागच्या विकांताला घरी घड्याळ लावून सराव परीक्षा दिली. ढोबळ हिशेबाने शब्द-व्याकरण ४१, वाचन २२, श्रवण ३८. बेरीज १०१. वाचन १९च्या फारच जवळ आहे. व्याकरण आणि वाचन मिळून सत्तर मिनिटं असतात आणि मी व्याकरणातच रमते.

म्हणून सध्या फक्त वाचन. नोटिसा, जाहिराती, सोसायटीचे फलक. एन-३ला कचऱ्याच्या वेळापत्रकावर प्रश्न हमखास निघतो म्हणतात. आत्ता समोर तेच आहे, जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, बाटल्या-डबे बुधवारी, सकाळी आठच्या आत. वार ग्रहांवरूनच आहेत, आपल्यासारखे. मंगळवारचं चिन्ह आगीचं, बुधवारचं पाण्याचं, शुक्रवारचं सोन्याचं. प्रश्न असा की तनाकासान शुक्रवारी सकाळी साडेआठला डबे बाहेर ठेवतात, तर त्यांचं काय काय चुकलं? चार पर्याय, एक मिनिट.