एक तृतीयांश कशाचा?

चैत्यभूमीला जाणारे आपण बहुतेक जण दादरला उतरतो आणि गर्दीबरोबर चालू लागतो. वाचकांना एक विनंती आहे. एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन करीरोड स्टेशनवर उतरा आणि तिथून पायी जा. तास-सव्वा तासाची वाट आहे. आपल्या समाजाचा पाऊणशे वर्षांचा घाम या वाटेवर सांडला आहे.

स्टेशनाबाहेर ना. म. जोशी मार्ग, म्हणजे आपल्या जुन्या माणसांचा डिलाईल रोड. इथल्या बी. डी. डी. चाळी ब्रिटिश सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. कोकणातून, साताऱ्याकडून आलेली आपली माणसे अशा एकेका खोलीत दाटीने राहिली. आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे.

आपली माणसे गिरणीत होती, पण सगळ्या खात्यांत नव्हती. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून स्पृश्य कामगार त्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. कामगार कामगार म्हणून एक असतील, तर साच्यावर बसायचा हक्कही सर्वांचा असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते.

पुढे लोअर परळ, सेनापती बापट मार्ग. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बऱ्याच जणांना परत कधी भोंगा ऐकू आला नाही. गिरण्या बंद पडल्या, पण जमीन जागेवरच होती. सुमारे सहाशे एकर, तीही मुंबईच्या मध्यभागी.

नकाशावर ही जमीन उद्योगासाठी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचा वापर बदलण्याची वाट उघडली. वाटणी साधारण अशी : एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ऐकायला न्याय्य वाटते. पण २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. ज्या जमिनीवर शेड आणि खाती उभी होती, ती वाटणीतून वगळली गेली.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका गिरणीची जमीन १५ एकर. त्यांपैकी १२ एकरांवर बांधकाम, ३ एकर मोकळी. सगळ्या जमिनीची वाटणी केली तर म्हाडाला सुमारे ५ एकर. मोकळ्या जमिनीचीच केली तर १ एकर. अपूर्णांक तोच; ज्या आकड्याचा तो काढायचा, तो आकडा बदलला. या बदलाविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला.

त्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. फिनिक्स मिलच्या आवारात धुराडे अजून उभे आहे, भोवती मॉल आहे. श्रीनिवास मिलच्या जागेवर मान दुखेपर्यंत वर पाहावे लागतील असे मनोरे आहेत. त्याच गिरणीच्या जमिनीवर म्हाडाने कामगारांसाठी घरे बांधली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि घर मागणारे कामगार व वारस सुमारे दीड लाख. उरलेल्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवली गेली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर जमले. मुंबईतच घर द्या, ही त्यांची मागणी होती.

प्रभादेवी ओलांडून समुद्राकडे वळले की इंदू मिलची जागा लागते. साडेबारा एकर. ही जमीनही गिरणीचीच. ६ डिसेंबर २०११ ला आंबेडकरी कार्यकर्ते आत शिरले आणि हटले नाहीत. पुढच्या वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने ही जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देत असल्याचे संसदेत जाहीर केले. लोक जागे असले तर नकाशावरची रेघ हलते, हे आपल्याच समाजाने दाखवून दिले आहे.

स्मारकासाठी आपण जसे जागे राहिलो, तसेच घरासाठी राहिले पाहिजे. २०१८ साली मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्याने पूर्वीच्या ना-विकास क्षेत्राच्या आणि मिठागरांच्या काही जमिनी परवडणाऱ्या घरांसाठी खुल्या केल्या. उद्दिष्ट १० लाख घरांचे सांगितले गेले. आकडा मोठा आहे. आपण विचारायचे ते एवढेच : घर किती फुटांचे, किंमत किती, कोणाला मिळणार, आणि वाटा कशाचा धरला आहे?

१९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा किंवा त्यातला बदल प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी मुदत असते. साधा कागद, मुद्देसूद चार ओळी आणि सही एवढे पुरते. वाचणारी मुले आता घरोघर आहेत. विहारात रविवारची वंदना झाली की अर्धा तास आपल्या वॉर्डाचा नकाशा उघडून बसावे. कोणता रंग कशासाठी आहे, हे मुलांनी मोठ्यांना समजावून सांगावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले पहिले पाऊल तिथून पडेल.

जयभीम!