गढीतला मुक्काम
(लेखांक दुसरा)

शुक्रवार, नळदुर्ग

सोलापूरच्या भुईकोटात लहानपणापासून हिंडलेल्या माणसास किल्ला म्हणजे बाग, तलावावरचा वारा आणि संध्याकाळची रपेट एवढेच ठाऊक असते. त्यामुळे किल्ला नुसता पाहून परतावे की त्यात रात्री पाठ टेकावी, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. मला तो पडला, म्हणून हैदराबादच्या रस्त्याने प्रथम नळदुर्ग गाठला. बोरी नदीला बांध घालून तिचे पाणी तटाशी खेळवावे आणि त्या बांधाच्याच उदरात एक महाल बसवावा, ही कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, सिद्धीस गेली. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन प्रपात वरून कोसळत असता पाणीमहालात उभा राहिलेला मनुष्य कोरडाच राहतो. सोलापूरच्याच युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीने राज्याच्या स्मारक दत्तक योजनेखाली किल्ल्याची निगा पत्करली, ही गोष्ट एका सोलापूरकराने काहीशा अभिमानाने नमूद केली तर क्षम्य मानावी. मात्र त्या दालनात कोणी पलंग टाकावा, असे क्षणभरही वाटले नाही.

शनिवार, जाधवगड

भिगवणच्या मासळीचा मोह आवरून उरुळी कांचनला वळलो आणि शिंदवणे घाट चढून सासवडमार्गे जाधववाडीस पोहोचलो. शाहू छत्रपतींच्या पदरचे आणि थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांतले नामांकित सरदार पिलाजीराव जाधवराव यांनी १७१० साली बांधविलेली ही गढी विठ्ठल कामत यांच्या हॉटेलसमूहाने अतिथिगृहात रूपांतरित केली आहे. दारात तुतारी वाजते. ज्याच्या आगमनाने कोणाचा तनखाही वाढणार नाही, अशा माझ्यासारख्या पेन्शनरासाठी तुतारी फुंकली जावी, याची मला प्रथम लाज वाटली. नंतर, खोटे कशाला सांगू, बरेही वाटले.

चिरेबंदी तट, दगडी पायऱ्यांची चढण, देवड्यांतला दुपारचा गारवा, हे सारे पाहता एक गोष्ट ध्यानात येते, की गढी ही मुळात राहण्याचीच वास्तू. लढाईचा प्रसंग क्वचित येई. पण अंबारखान्यात धान्य भरणे, सदरेवर कज्जे ऐकणे, आल्यागेल्या पाहुण्याचे पान मांडणे आणि मुदपाकखान्यातला जाळ विझू न देणे, ही तेथली रोजची वहिवाट होती. तेव्हा रात्री भाकरी, भरले वांगे आणि ठेचा समोर आला त्या वेळी इतिहासाचा अवमान होत आहे असे न वाटता, मोडलेली मोईन कोणीतरी पुन्हा चालू केली आहे असेच वाटले. सोलापुरी शेंगाचटणीची उणीव भासली, पण तो माझ्या जिभेचा पक्षपात.

रविवार, जाधवगड

सकाळी गढीतले ‘आई’ नावाचे संग्रहालय पाहिले. तेथली जुनी घरगुती भांडी आणि दिवे मला तलवारींपेक्षा अधिक बोलके वाटले.

न्याहारीच्या वेळी शेजारच्या मेजावरील पुणेकर गृहस्थांनी २०१९ सालचा वाद उकरून काढला. राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा सरकारचा बेत असल्याची वार्ता त्या सप्टेंबरात पसरली, लोक खवळले, आणि शिवछत्रपतींशी निगडित वा संरक्षित किल्ले या योजनेत नाहीत असा खुलासा सरकारला करावा लागला. ‘मग तुम्ही येथे कसे?’ असे मी विचारताच गृहस्थ थालिपीठाकडे वळले. स्पेनमध्ये १९२८ पासून सरकार स्वतःच ‘पारादोर’ चालविते, जुने गढकोट आणि मठ त्यात पाहुण्यांना खुले आहेत. इटलीतही मध्ययुगीन दुर्गांत भोजनगृहे थाटली गेली आहेत. पण त्यांतले पुष्कळसे उमरावांचे निवासच. रायगडाच्या सदरेची आणि एखाद्या सरदाराच्या गढीची एकाच दस्तऐवजात मोजदाद करणे हा कारकुनी आळस, आणि गढ्या ढासळू देऊन केवळ किल्ल्यांसाठी गहिवरणे हाही आळसच.

माझी ही विभागणी तेरेखोलला टिकेल काय, याची मात्र धास्ती आहे. सावंतवाडीकरांचा तो किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा चढविला, आणि पुढे त्याचेही हॉटेल झाले. तो गढी नव्हे, खाडीच्या मुखावरचा खराखुरा किल्ला. उद्या पहाटे तिकडे निघतो.