पालेर्मो ते त्रापानी : सायकलवरची सफर

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इटलीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. भाऊ जेनोआ बंदरात नोकरी करतो. त्याचा मुलगा तिथेच जन्मला, आता सोळा वर्षांचा आहे. शाळेतली भाषा इटालियन, घरी आईमुळे मराठी येते, उर्दू मात्र अलिफ-बे पुढे गेली नाही. आम्ही वर्गात रोज उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो आणि आमच्याच घरातले पोर कोरे राहिले, ही गोष्ट मनाला लागलेली होती. पण उपदेशाने काही होत नाही, हे वीस वर्षांच्या मास्तरकीत कळले आहे. पोराला सायकलचे वेड. म्हणून आम्हीच म्हटले, "चल, सिसिलीत सायकल चालवू."

जेनोआहून रात्रभराच्या बोटीने पालेर्मोला जाता येते. पुतण्याची सायकल गाडीवर बांधून नेली, आमच्यासाठी तिथेच भाड्याने घेतली. बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची ती सायकल पाहून प्रथम धडकीच भरली. आम्ही गावी नऊ किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जातो खरे, पण ती काळी, जड, कॅरिअर लावलेली. शिवाय इथे वाहने उजव्या बाजूने चालतात. पहिला तासभर प्रत्येक वळणावर पोरगा ओरडत होता, "बडे अब्बा, उजवीकडे!"

रस्ता निवडला तो एका मुसाफिराच्या नावावर. इब्न जुबैर हे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे. हज करून परतताना डिसेंबर 1184 मध्ये त्यांचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ, मेसिनापाशी फुटले. जीव वाचला. मग ते पालेर्मोला आले आणि तिथून जमिनीवरून त्रापानी बंदराकडे गेले. वाटेत एक रात्र त्यांनी अलकमा गावात काढली. आजच्या नकाशावर ते गाव अल्कामो आहे. त्यांचा सफरनामा आम्ही उर्दूत वाचला होता. ते गेले त्याच दिशेने जायचे ठरले.

पालेर्मो सोडले की मोंरेआलेचा चढ लागतो. गिअर असूनही आमची दमछाक झाली. वर थांबून मागे पाहिले तर डोंगरांच्या कुशीतली सपाटी आणि पलीकडे समुद्र. ही सपाटी एके काळी लिंबू-संत्र्यांच्या बागांनी भरलेली होती, आता बरीचशी इमारतींनी भरली आहे. त्या बागांना पाणी द्यायची व्यवस्था अरबांनी बसवली. सिसिलीचे शेतकरी पाण्याच्या हौदाला आजही 'जेब्बिया' म्हणतात, पाटाला 'साया'. मूळ अरबी शब्द जाबिया आणि साकिया. संत्र्याच्या मोहराला 'झागरा', म्हणजे झहर, फूल. आणि संत्र्याला इटालियनमध्ये 'अरांचा'. हा शब्द तर आपल्याकडचाच, संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीतून फिरत तिकडे गेला. पोराला सांगितले, तर म्हणाला, "म्हणजे अरांचा आणि नारिंगी एकच?" त्याच्या आईचा शब्द त्याच्या शाळेच्या शब्दाचा नातलग निघाला, याची त्याला फार गंमत वाटली.

रस्ते खराब आहेत. युरोप म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर जे येते ते इथे नाही. मोठमोठे खड्डे आणि कुठे कुठे डांबर सरळ दरीकडे खचलेले. कोकणात वाढलेल्या माणसाला एवढ्यात परके वाटणे बंद झाले. कडेला निवडुंगाची कुंपणे. त्याच्या फळाला इटालियन लोक 'भारताचे अंजीर' म्हणतात. वनस्पती मूळची अमेरिकेतली, आपला तिच्याशी संबंध नाही, पण नाव पडले ते पडले. पार्तिनिको ओलांडून सुमारे पन्नास किलोमीटर झाल्यावर अल्कामोला मुक्काम केला.

खाण्याचे सांगायला हवे, कारण घरून निघताना हीच काळजी होती. पालेर्मोत 'पानेल्ले' मिळतात, हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. लिंबू पिळले की वडापावच! प्रसिद्ध गोड 'कान्नोली' मात्र विचारल्याशिवाय खाऊ नये. त्याच्या कवचात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी आणि वाइन घालतात. पोराने हे आधीच सांगितले. लहानपणापासून प्रत्येक वाढदिवसाला विचारून खायची सवय आहे त्याला. हे तो सहज बोलून गेला. आम्ही मात्र त्याचा विचार पुढचे बरेच किलोमीटर करत होतो.

दुसऱ्या दिवशी कलाताफिमी. पाटी दिसली तसे आम्ही थांबलो आणि पोराला म्हटले, "पहिला भाग वाच." कलात, म्हणजे कलआ, आपला किल्ला. सिसिलीच्या नकाशावर कलाताफिमी, काल्तानिस्सेत्ता, काल्ताजिरोने असे किल्ले विखुरले आहेत. फावारा गाव म्हणजे फव्वारा. मिसिल्मेरी म्हणजे मंझिलुल अमीर. मग पुढे प्रत्येक पाटीशी त्याचा ब्रेक लागू लागला. एका चढावर धापा टाकत तो म्हणाला, "म्हणजे इथे आपले राज्य होते!"

हे वाक्य आम्हाला आवडले नाही. खरे आहे, 831 मध्ये पालेर्मो मुसलमानांच्या हाती आले आणि 1072 मध्ये नॉर्मन लोकांनी ते घेतले. पण राज्य कोणाचेही असो, ते जिंकूनच आलेले होते आणि गेलेही तसेच. त्याला म्हटले, राज्याचे आज काय उरले ते दाखव. हौद आणि पाट उरले, लिंबू उरले, शब्द उरले. ते राजाने नव्हे, शेतकऱ्याने आणि माळ्याने ठेवले. तो काही बोलला नाही. आम्हीही फार लांबवले नाही, कारण चढ संपत नव्हता.

कलाताफिमीजवळच सेजेस्ता. उघड्या टेकडीवर एकटे ग्रीक देऊळ, 36 खांब, वर छप्पर नाही, सुमारे चोवीसशे वर्षे तसेच अपुरे. सगळे प्रवासी ते पाहायला येतात. आम्ही वरच्या डोंगरावर चढलो. तिथे ग्रीक नाट्यगृहाजवळ उत्खननात बाराव्या शतकातल्या मशिदीचे अवशेष सापडले आहेत. गुडघ्याएवढ्या भिंती आणि मिहराबची जागा. पोराने मोबाइलवर किब्ला लावून पाहिला. अवशेषांत पाऊल ठेवणे बरे नव्हे, म्हणून खाली उतरल्यावर झाडाच्या सावलीत आम्ही तिघांनी जोहरची कसर अदा केली. वाऱ्याने गहू हलत होता.

त्रापानीला पोहोचलो तेव्हा असर झाली होती. रात्री समुद्राकाठच्या खानावळीत कुसकुस मागवले. रवाळ कुसकुस, वर मासळीचा रस्सा, ट्युनिशियातल्यासारखेच वाफवलेले. जेवताना आम्ही इब्न जुबैर यांनी लिहिलेला इथला प्रसंग सांगितला. जानेवारी 1185 मध्ये त्यांनी त्रापानीत ईद केली. राजा ख्रिस्ती, तरी मुसलमान ढोल वाजवत ईदगाहकडे निघालेले पाहून त्यांना नवल वाटले. पण त्याच शहरात एका प्रतिष्ठित गृहस्थाने त्यांच्या एका हाजी सोबत्याकडे आपल्या मुलाला पाठवले. निरोप असा, की माझ्या तरुण मुलीला सोबत न्या, पसंत असेल तर निकाह करा, नाहीतर तुमच्याकडच्या भल्या माणसाशी लावून द्या, पण तिला इथून न्या. आपल्या मुलांचा दीन इथे राहील की नाही याची त्या बापाला धास्ती होती. ती खोटीही ठरली नाही. पुढच्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीतले मुसलमान उचलून मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी नेले, आणि 1300 मध्ये ती वस्तीही मोडली गेली.

भाऊ ताटात चमचा फिरवत राहिला. थोड्या वेळाने पोराकडे न बघता म्हणाला, "त्या माणसाने मुलीला तरी विचारले होते का?" बापाने तिला विचारले होते असे सफरनाम्यात आहे, हे आम्ही सांगितले. पोरगा म्हणाला, "मला तर इथेच राहायचे आहे." भावाने नुसती मान हलवली आणि आणखी पाव मागवला.

शेवटच्या दिवशी एरिचे. शहरावर उभा असलेला 750 मीटर उंचीचा डोंगर, माथ्यावर तटबंदीचे जुने गाव. ग्रीकांच्या काळी एरिक्स, अरबांनी म्हटले जबल हामिद, नंतर ते मोंते सान जुलियानो झाले, आणि 1934 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत पुन्हा एरिचे. हुकुमाने पाटी बदलते, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. डोंगर तोच राहिला आणि चढही. आम्ही दोनदा उतरून सायकल हातात धरली, हे कबूल करतो. पोरगा पुढे गेला होता. वर पोहोचलो तेव्हा तो वेशीच्या दगडावर बसून मोबाइलमध्ये आजच्या फेरीची नोंद करत होता. अंतर आणि वेळ आपोआप येतात, नाव आपण द्यायचे असते.

त्याने आम्हाला वहीचे कोरे पान आणि पेन दिले.

"बडे अब्बा, हामिदमधला हे कुठला? मोठा की छोटा?"