करजो

अमरावतीत वाढलेल्या माणसाला व्यायामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि १९३६ साली मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. या गोष्टी अभिमानाने ऐकत आमची पिढी मोठी झाली. त्यांतून मी मात्र माझ्यापुरता एक निष्कर्ष काढला होता: शरीराला हुकूम द्यावा आणि शरीराने तो पाळावा. हा निष्कर्ष अपुरा आहे, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझी नोकरी अकोल्यात आणि घर अमरावतीत. २०२१च्या पावसाळ्यात एका रात्री परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आमची गाडी उलटली. मनगटाचे हाड मोडले होते, ते दीड महिन्यात सांधले. डॉक्टरांनी कागदावर ‘बरे’ असे लिहिले. शरीराला ते मान्य नव्हते. मागून कोणी चालत आले की खांदे आपोआप वर चढत, दिवा मालवला की श्वास अर्ध्यावर थांबे. महामार्गावरून जाण्याचा विचारही सोसवेना, म्हणून मी बडनेऱ्याहून रेल्वेने जाऊ लागले.

कोणीतरी योग सुचवला. मी एका वर्गात नाव घातले. शेवटी शवासन असे. डोळे मिटायचे, दिवे बंद, दार लावलेले. तिसऱ्या दिवशी शिक्षक मागून आले आणि माझे ताठरलेले खांदे त्यांनी दोन्ही हातांनी खाली दाबले. त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला आजही शंका नाही. पण त्या क्षणी मी वर्गात नव्हते, उलटलेल्या गाडीत होते. चप्पल तिथेच टाकून मी बाहेर पडले. पुढे कित्येक दिवस भीतीपेक्षा लाज अधिक वाटत राहिली. साधे पडून राहणेही आपल्याला जमू नये, याची ती लाज होती.

काही महिन्यांनी एक सहकारी मला अकोल्यातील एका घरी घेऊन गेली. तळमजल्यावरच्या खोलीत आठ-दहा बायका जमत. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. खोलीचे दार उघडे असे आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी भिंतीशी खुर्च्या मांडलेल्या असत. बाई कोणाच्या मागे उभ्या राहत नसत आणि विचारल्याखेरीज कोणाला हात लावत नसत. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पहिल्या दिवशी मी दाराजवळची खुर्ची धरून बसले, तेव्हा त्या वऱ्हाडीत एवढेच म्हणाल्या, “जमन तं करजो, नाई तं बसजो.”

तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून या ‘करजो’पाशी जरा थांबा. ‘कर’ हे आज्ञार्थी रूप. त्यात काम ताबडतोब होणे अपेक्षित असते. ‘करजो’ हीही आज्ञाच आहे, पण पुढच्या वेळेसाठी दिलेली. काम सांगितले जाते, त्याची घटका मात्र ऐकणाऱ्याच्या हाती राहते. पाहुण्याला निरोप देताना आम्ही ‘येजो’ म्हणतो, त्यातही हीच मोकळीक असते. अपघाताने माझ्याकडून नेमके हेच हिरावून घेतले होते: माझ्या शरीराचे काय व्हावे आणि केव्हा व्हावे, हे ठरवण्याचा अधिकार. तो आणखी एका हुकुमाने परत मिळणे शक्य नव्हते.

पहिले दोन आठवडे मी केवळ टाचा जमिनीवर टेकवून बसत असे. मग चार अंक मोजून श्वास घेणे आणि सहा अंक मोजून सोडणे. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून तो लांबवला की शरीराला आपण सुरक्षित असल्याची खूण पटू लागते. पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या आणि ते साधण्यासाठी प्रयत्न सैल करावयास सांगितले. मी मात्र आजवर सुख वगळून फक्त स्थैर्याची परीक्षा देत आले होते.

या पद्धतीचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताच्या दीर्घ परिणामांनी ग्रासलेल्या ६४ स्त्रियांची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास असा सौम्य योग करणाऱ्या ३१ जणींपैकी १६ जणी अखेरीस त्या विकाराच्या निकषांबाहेर आल्या. केवळ आरोग्यशिक्षण घेणाऱ्या गटात २९ पैकी ६ जणी आल्या. हा योग उपचारांच्या जोडीने होता, उपचारांऐवजी नव्हे. म्हणून मीही समुपदेशकांकडे जाणे थांबवले नाही.

जून २०२२मध्ये याच अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी थर अंथरला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. त्या नव्या रस्त्याने बसमधून जायला मला मात्र आणखी पाच महिने लागले. पहिल्या खेपेस मी मूर्तिजापूरलाच उतरले आणि पुढे रेल्वेने गेले. पूर्वी याला मी हार म्हटले असते. त्या दिवशी बाईंना सांगितले, तर त्यांनी विचारले, “उतराचं तुनंच ठरोलं ना?” मी हो म्हटले. त्या हसल्या आणि वर्ग सुरू झाला.

तुमच्यापैकी कोणाच्या शरीरातही अशी एखादी रात्र अडकून राहिली असेल. कोणाची, कशाची, हे मी विचारणार नाही. ओझे फार झाले, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. एरवी, आज हे वाचून झाल्यावर पाय जमिनीवर टेकवून पाहावेसे वाटले, तर पाहा. नाही वाटले, तर उद्या करजो.